५३-एन नंबरची बाटली

फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब करताना हॅक्सॉ घसरली आणि माझा डावा अंगठा चांगलाच कापला. रक्त बघून मी पांढराफटक! वर्कशॉपचे सर मात्र एकदम थंड. त्यांनी पट्टी बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पिटाळलं. मला वाटायचं धनुर्वात गंजामुळे होतो. डॉक्टरांनी समजावलं की गंज बिचारा निर्दोष आहे, खरा गुन्हेगार मातीतला एक जिवाणू. तो टणक कवचात, बीजाणू होऊन वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि प्राणवायू न पोहोचणारी खोल जखम मिळाली की जागा होतो. त्याचं विष मज्जातंतूंवर चढतं, स्नायू आखडतात, जबडा मिटतो तो उघडतच नाही.

त्याबद्दल वाचता वाचता मी वाल्डेमार हाफकिनपाशी येऊन पोचलो. परळला हे नाव पाटीवर अनेकदा वाचलं होतं. इतकी वर्षं मी त्याला कुणी इंग्रज गव्हर्नर समजत होतो!

हाफकिनचा जन्म १८६० साली, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात झाला. त्या काळच्या रशियन साम्राज्यात ज्यू असणं म्हणजे दारं बंद. धर्म बदलला असता तर नोकरी मिळाली असती, पण गड्याने बदलला नाही. शेवटी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिरला, तोही ग्रंथालयात मदतनीस म्हणून. तिथेच त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग फुटला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. लोक मुंबई सोडून पळू लागले. साथ पुण्यातही पोचली आणि मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सरकारने हाफकिनला मुंबईला बोलावलं ते ऑक्टोबर १८९६ मध्ये. लॅब म्हणून काय मिळालं? ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई! (आपल्या प्रोजेक्टला बजेट नाही म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

इथला त्याचा जुगाड मला फार आवडतो. प्लेगचे जिवाणू वाढवायला मांसाचं सूप लागतं. गाय किंवा डुक्कर वापरलं तर लस कोण टोचून घेणार? म्हणून त्याने बोकडाचं मटण घेतलं. सुपावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जिवाणू गुहेतल्या लवणस्तंभांसारखे खाली लोंबत वाढायचे. मग उष्णतेने त्यांना मारायचं आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचं. मेलेला जिवाणू रोग देत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते. १० जानेवारी १८९७ ला त्याने ही लससुद्धा स्वतःलाच टोचली. ताप आला, दुखलं, पण टिकला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली. लस घेतलेल्यांत लागण फारच कमी निघाली. १८९९ मध्ये त्याची लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. म्हणजे गव्हर्नरची माझी कल्पना अगदीच चुकीची नव्हती, घर त्याचंच!

आणि मग मलकोवाल. पंजाबातलं एक खेडं, ३० ऑक्टोबर १९०२. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती, नंबर ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

चौकशी बसली. मागणी प्रचंड वाढल्यामुळे हाफकिनने पद्धत बदलली होती. कार्बोलिक आम्ल गाळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तसं करत, पण समितीने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. त्याचं पद गेलं. तो इंग्लंडला जाऊन स्वतःची बाजू मांडत बसला.

आता हे आपल्या पद्धतीने तपासू. दोष लॅबमध्ये शिरला असता तर बाटली गावात पोचेपर्यंत जिवाणू वाढून तिला घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरने बाटली हुंगली होती, वास नव्हता. उलट साक्षीत आलं की बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला गेला. बीजाणू त्या पाण्याला कशाला भीक घालतो! एवढं सगळं कागदावर असूनही हाफकिनची सुटका व्हायला १९०७ उजाडलं. मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये त्याच्या बाजूने पत्र लिहिलं, तेव्हा कुठे चक्र फिरली.

पद्धत बदलताना आम्लाची ती दुसरी तटबंदी काढायला नको होती, असं मला तरी वाटतं. ती असती तर आरोप करायला जागाच उरली नसती. पण १९ जीव गेले ते त्या चिमट्यामुळे, हेही तितकंच खरं.

हाफकिन भारतात परतला तो कलकत्त्याला. परळची लॅब त्याला परत मिळाली नाही. नुसतं संशोधन करायची मुभा होती. निवृत्त होऊन तो युरोपात गेला आणि २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे वारला. परळच्या लॅबला त्याचं नाव १९२५ मध्ये दिलं गेलं, तेव्हा तो हयात होता.

माझ्या अंगठ्यावर अजून व्रण आहे. त्या दिवसापासून खाली पडलेली फाइल उचलताना मी आधी हात बघतो.