राजाचा अपमान आणि रयतेचे कल्याण

आमचे बाभुळगाव वऱ्हाडातले. १८५३ पासून वऱ्हाडावर नाव निजामाचे व अंमल इंग्रजांचा अशी स्थिती आमच्या वाडवडिलांनी पाहिली. सत्ता कोणाचीही असो, गावकुसाबाहेरच्या माणसाचे पाणवठ्यावरचे स्थान तिने बदलले नाही. म्हणूनच कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे चरित्र आम्हास मननीय वाटते.

२६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढे १८९९ साली पंचगंगेवर स्नानास गेले असता, पुरोहित आपणांस शूद्र लेखून वेदमंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे त्यांच्या ध्यानी आले. छत्रपतींची ही गत, तर दीनदुबळ्या रयतेची काय कथा! हा अपमान त्यांनी स्वतःपुरता राखला नाही, हेच त्यांचे मोठेपण.

२६ जुलै १९०२ रोजी त्यांनी सरकारी नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांकरिता राखून ठेवल्या. नाना जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्याच वर्षी खामगावच्या मराठा शिक्षण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पुढे महारवतन व वेठबिगार यांची जोखडे त्यांनी मोडली, आणि १९१९ साली सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले केले. गंगाराम कांबळे यांस चहाचे दुकान काढण्यास साह्य करून ते स्वतः तेथे चहा घेत; मग दरबारी मंडळींसही नाक मुरडण्याची सोय उरली नाही.

आमच्या व्यापारी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापारास उत्तेजन देणाराही हाच राजा. रयत शिकली, मोकळी झाली, तर बाजाराचे नुकसान होत नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९४९ साली कोल्हापूर संस्थानही विलीन झाले. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेले पुष्कळसे आता राज्यघटनेने हक्क म्हणून दिले आहे. परंतु हुकुमाने विहीर खुली होते, मन होत नाही. ते काम छत्रपतींनाही एकट्याने साधण्याजोगे नव्हते. ते तुमच्या आमच्या ओसरीवर आणि दुकानाच्या पायरीवरच व्हावयाचे आहे.