बिल फ्रान्स (सीनियर)

विल्यम हेन्री गेटी फ्रान्स तथा बिल फ्रान्स सीनियर (जन्म : २६ सप्टेंबर, १९०९, वॉशिंग्टन डी.सी.; मृत्यू : ७ जून, १९९२, ऑर्मंड बीच, फ्लोरिडा) हे अमेरिकेतील मोटार शर्यतींचे संघटक, चालक आणि उद्योजक होते. ‘नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग’ म्हणजेच नॅसकार या संस्थेचे ते संस्थापक होत. बाजारात सर्वसामान्य ग्राहकाला मिळणाऱ्या मोटारी कोणताही फेरबदल न करता, सर्वांना समान असणाऱ्या नियमांखाली धावाव्यात, अशी राष्ट्रीय पातळीवरील शर्यत-मालिका त्यांनी १९४९ साली सुरू केली. सहा फूट पाच इंच उंचीमुळे ते ‘बिग बिल’ या नावाने ओळखले जात.

== बालपण आणि तारुण्य ==

फ्रान्स यांचे वडील वॉशिंग्टनमधील एका बँकेत नोकरीस होते. त्या काळी शहराजवळ मेरीलँड राज्यातील लॉरेल येथे लाकडी फळ्यांची, वळणांवर बाहेरच्या बाजूने उंच होत गेलेली धावपट्टी होती. शाळकरी वयातील बिल वडिलांची फोर्ड मॉडेल टी मोटार गुपचूप तेथे नेत आणि फेऱ्या मारत. टायर इतक्या लवकर का झिजतात, हे न उमगल्याने वडील टायर विक्रेत्याकडे तक्रार करीत, अशी आठवण त्यांच्या बहुतेक चरित्रांत आढळते.

शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपावर काम केले, तसेच स्थानिक धावपट्ट्यांवर शर्यतीही खेळल्या. १९३१ साली त्यांचा विवाह ॲन ब्लेडसो या परिचारिकेशी झाला. विल्यम (बिल ज्युनिअर) आणि जेम्स (जिम) हे त्यांचे दोन मुलगे. पुढे संस्थेचा आर्थिक व्यवहार ॲन फ्रान्स यांनी दीर्घकाळ सांभाळला.

== डेटोना बीच ==

१९३४ साली, महामंदीच्या काळात, फ्रान्स कुटुंब फ्लोरिडातील डेटोना बीच येथे स्थायिक झाले. सुरुवातीला त्यांनी घरे रंगवण्याचे काम केले, मग मोटार दुरुस्तीचे. आणि काही काळाने स्वतःचा पेट्रोल पंप चालवला. तेथील लांबलचक, घट्ट वाळूचा समुद्रकिनारा वेगाच्या विश्वविक्रमांसाठी प्रसिद्ध होता. मात्र १९३५ साली ब्रिटिश चालक माल्कम कॅम्पबेल यांनी आपला पुढचा विक्रम यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरी सपाटीवर केला आणि विक्रमवीरांचा ओघ तिकडे वळला. डेटोनाचे पर्यटन त्यामुळे धोक्यात आले.

यावर उपाय म्हणून ८ मार्च, १९३६ रोजी नगरपालिकेने एक शर्यत भरवली. तिच्या मार्गाची एक बाजू डांबरी महामार्गावर, तर दुसरी थेट वाळूवर होती. वळणांवरच्या मऊ वाळूत मोटारी रुतू लागल्याने शर्यत नियोजित अंतरापूर्वीच थांबवावी लागली आणि नगरपालिकेला मोठा तोटा झाला. फ्रान्स या शर्यतीत पाचवे आले. पुढील वर्षी एका स्थानिक मंडळाचा प्रयत्नही आतबट्ट्याचा ठरला. १९३८ साली उपाहारगृहाचे मालक चार्ली रीस यांच्या भांडवलावर फ्रान्स यांनी आयोजनाची जबाबदारी घेतली आणि शर्यती फायद्यात आणल्या. भरतीच्या वेळा पाहून शर्यतीची वेळ ठरवणे, प्रेक्षकांना विनातिकीट येण्यापासून रोखणे, बक्षिसाची रक्कम वेळेवर देणे ही कामे ते या काळात शिकले. दुसऱ्या महायुद्धात शर्यती बंद पडल्या. त्या वर्षांत त्यांनी डेटोनाच्या नौकाबांधणी कारखान्यात पाणबुडीविरोधी नौकांवर काम केले.

== नॅसकारची स्थापना ==

युद्धानंतर अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत ‘स्टॉक कार’ शर्यतींना उधाण आले. अनेक चालक चोरटी दारू वाहून नेण्याच्या धंद्यात तयार झालेले होते. पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी त्यांच्या मोटारींत बरेच फेरबदल केलेले असत. प्रत्येक गावाचे नियम निराळे होते आणि तिकिटांचे पैसे घेऊन आयोजकच पसार होण्याचे प्रकारही घडत. एकाच हंगामात अनेक जण स्वतःला राष्ट्रीय विजेता म्हणवून घेत. फ्रान्स यांनी शार्लट येथे राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत जाहीर करण्याचे ठरवले, तेव्हा मान्यता देणारी संस्था, ठरलेले नियम आणि गुणतक्ता यांविना त्या पदाला अर्थ नाही, असे तेथील एका क्रीडा संपादकाने त्यांच्या लक्षात आणून दिले. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने या शर्यतींना मान्यता देण्यात रस दाखवला नाही. तेव्हा १९४७ साली फ्रान्स यांनी स्वतःच एक राष्ट्रीय शर्यत-मंडळ चालवून पाहिले.

१४ डिसेंबर, १९४७ रोजी डेटोना बीचमधील स्ट्रीमलाइन हॉटेलच्या गच्चीवरील मद्यालयात त्यांनी सुमारे ३५ चालक, तंत्रज्ञ आणि आयोजकांची बैठक बोलावली. चार दिवस चाललेल्या या बैठकीत समान नियम, चालकांचा विमा आणि हंगामाअखेर वाटायचा गुणनिधी यांवर एकमत झाले. तंत्रज्ञ रेड व्होट यांनी सुचवलेले नाव स्वीकारण्यात आले. २१ फेब्रुवारी, १९४८ रोजी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. मात्र नॅसकार ही चालकांची सहकारी संघटना नव्हती. ती एक खाजगी कंपनी होती आणि तिचे अध्यक्षपद व सूत्रे फ्रान्स यांच्याकडे होती. संस्थेचे बळ आणि तिच्यावरील टीका या दोहोंचे मूळ या रचनेत आहे.

== ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ मालिका ==

नॅसकारच्या पहिल्या हंगामात युद्धपूर्व, फेरबदल केलेल्या जुन्या मोटारीच धावल्या. प्रेक्षक घरून ज्या मोटारीत बसून येतो, तशीच मोटार त्याला धावपट्टीवर दिसावी, ही फ्रान्स यांची मूळ कल्पना होती. परंतु युद्धानंतर नव्या मोटारींचा तुटवडा असल्याने ती लगेच अमलात येऊ शकली नाही. एक प्रतिस्पर्धी संस्था अशाच शर्यतीच्या तयारीत असल्याचे दिसताच फ्रान्स यांनी १९४९ साली तातडीने पाऊल उचलले.

मालिकेचे नाव ‘स्ट्रिक्टली स्टॉक’, म्हणजे काटेकोरपणे मूळ स्वरूपातील, असे ठेवण्यात आले. इंजिन, कमानपाटे व अन्य भाग कारखान्यातून आले तसेच ठेवणे बंधनकारक होते. उजव्या बाजूच्या पुढील चाकाला बळकटी देणारी पोलादी पट्टी बसवणे यांसारख्या सुरक्षेच्या मोजक्या गोष्टींनाच मुभा होती.

१९ जून, १९४९ रोजी शार्लट येथील पाऊण मैलाच्या मातीच्या धावपट्टीवर २०० फेऱ्यांची (१५० मैल, सुमारे २४१ कि.मी.) पहिली शर्यत झाली. तीत ३३ मोटारी उतरल्या. चालकांत सेरा ख्रिश्चन ही महिला होती. उसनी घेतलेली ब्यूइक उलटल्याने ली पेटी यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. ग्लेन डनवे यांची फोर्ड प्रथम आली. शर्यतीनंतरच्या तपासणीत मात्र, चोरट्या दारूच्या मोटारींत करतात त्या पद्धतीने तिचे मागील कमानपाटे बदललेले आढळले. डनवे यांना अपात्र ठरवून कॅन्ससहून आलेले जिम रोपर आणि त्यांची लिंकन मोटार यांना विजयी घोषित करण्यात आले. पहिले बक्षीस २,००० डॉलरचे होते.

फोर्डचे मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलँड यांनी नॅसकारवर १०,००० डॉलरचा दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. आपल्या शर्यतींचे नियम करण्याचा व ते अमलात आणण्याचा संस्थेचा अधिकार यामुळे मान्य झाला. दाव्याचा निकाल उलट लागता, तर प्रत्येक शर्यतीचा निर्णय न्यायालयात गेला असता आणि मालिकेचे भवितव्य धोक्यात आले असते.

त्या वर्षी आठ शर्यती झाल्या. महायुद्धात पायाला गंभीर इजा झालेले रेड बायरन हे पहिले विजेते ठरले. १९५० साली मालिकेचे ‘ग्रँड नॅशनल’ असे नामकरण झाले. त्याच वर्षी नॅसकारची मान्यता नसलेल्या शर्यतीत भाग घेतल्याबद्दल ली पेटी यांचे ८०९ गुण कापण्यात आले आणि अजिंक्यपद बिल रेक्सफर्ड यांच्याकडे गेले. बायरन यांनाही अशाच कारणासाठी गुण गमवावे लागले. नामांकित चालकांनाही सूट नाही, हा संदेश यातून गेला. परंतु चालकाने पोटासाठी अन्यत्र खेळू नये हा नियम न्याय्य आहे का, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

== डेटोना इंटरनॅशनल स्पीडवे ==

वाढत्या वस्तीमुळे किनाऱ्यावरील शर्यती फार काळ टिकणार नाहीत, हे ओळखून फ्रान्स यांनी कायमस्वरूपी धावपट्टीची योजना आखली. पैशाअभावी ती अनेक वर्षे रखडली. अखेर १९५७ साली बांधकाम सुरू झाले. टेक्सासचे उद्योगपती क्लिंट मर्चिसन ज्युनिअर यांच्या कर्जाचा त्यास हातभार लागला. अडीच मैलांच्या (सुमारे ४ कि.मी.) या धावपट्टीची वळणे ३१ अंशांनी उंचावलेली आहेत. त्यांच्या भरावासाठी माती काढल्याने मधोमध तलाव तयार झाला.

२२ फेब्रुवारी, १९५९ रोजी येथे ५०० मैलांची (सुमारे ८०५ कि.मी.) पहिली शर्यत झाली. ४१,००० हून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. ली पेटी आणि जॉनी बोशँप यांच्या मोटारी जवळजवळ एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोचल्या. प्रथम बोशँप यांना विजयी म्हणण्यात आले. नंतर फ्रान्स यांनी छायाचित्रे आणि वृत्तपटाची फीत मिळवून तपासली आणि तीन दिवसांनी पेटी यांना विजेते घोषित केले. या वादामुळे नव्या शर्यतीचे नाव देशभर पोचले.

== संघर्ष आणि टीका ==

१९६१ साली कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी टीमस्टर्स या कामगार संघटनेच्या साहाय्याने चालकांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. निवृत्तिवेतन, विमा आणि बक्षिसांत अधिक वाटा या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. फ्रान्स यांनी दोघांवर आजन्म बंदी घातली. १९६५ साली क्रायस्लर कंपनीने, आपल्या ‘हेमी’ इंजिनावर बंदी आल्याने, हंगामाच्या मोठ्या भागावर बहिष्कार टाकला. प्रेक्षकसंख्या घटली, तेव्हा त्याच वर्षी टर्नर यांची बंदी उठवण्यात आली.

१ डिसेंबर, १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथील शर्यत वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाने जिंकली. परंतु विजेता म्हणून बक बेकर यांचे नाव जाहीर झाले. प्रेक्षक निघून गेल्यानंतर काही तासांनी गणनेतील चूक मान्य करून विजय स्कॉट यांच्या नावे नोंदवण्यात आला. त्यांना जाहीर सन्मान मात्र मिळाला नाही. स्कॉट १९९० साली निवर्तले. त्यांच्या कुटुंबाला अधिकृत चषक २०२१ साली देण्यात आला. डेटोनाच्या निर्णयासाठी तीन दिवस छायाचित्रे तपासणाऱ्या संस्थेने येथे केलेली ही हेळसांड, वंशभेदाच्या संदर्भात, नॅसकारच्या इतिहासातील उणीव मानली जाते. फ्रान्स यांनी वंशविभाजनाचे समर्थक म्हणून ओळखले जाणारे अलाबामाचे राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांना दिलेल्या राजकीय पाठिंब्यावरही टीका झाली.

१९६९ साली अलाबामात टॅलाडेगा येथे २.६६ मैलांची (सुमारे ४.२८ कि.मी.) धावपट्टी तयार झाली. सरावात टायर फाटू लागल्याने रिचर्ड पेटी यांच्या नेतृत्वाखालील चालक संघटनेने शर्यत पुढे ढकलण्याची मागणी केली. धावपट्टी सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी साठीला टेकलेल्या फ्रान्स यांनी स्वतः तेथे मोटार चालवली. बहुतेक आघाडीचे चालक निघून गेले, तरी १४ सप्टेंबर रोजी उरलेल्या व ऐनवेळी जमवलेल्या चालकांवर शर्यत पार पडली. रिचर्ड ब्रिकहाउस विजयी झाले. प्रेक्षकांना त्याच तिकिटावर पुढील एका शर्यतीस प्रवेश देण्यात आला. चालकांची ही संघटना पुढे फार काळ टिकली नाही.

== निवृत्ती आणि मृत्यू ==

१९७१ साली आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीचे प्रायोजकत्व मालिकेला मिळाले. जानेवारी १९७२ मध्ये फ्रान्स यांनी नॅसकारचे अध्यक्षपद थोरले पुत्र बिल ज्युनिअर यांच्याकडे सोपवले. जानेवारी १९९२ मध्ये ॲन फ्रान्स यांचे निधन झाले. त्यानंतर पाचच महिन्यांनी बिल फ्रान्स यांचा वयाच्या ८२ व्या वर्षी मृत्यू झाला.

== वारसा ==

२०१० साली नॅसकारच्या गौरवदालनात प्रथम सन्मानित झालेल्या पाच व्यक्तींमध्ये बिल फ्रान्स आणि त्यांचे पुत्र बिल ज्युनिअर या दोघांचा समावेश होता. आज या मालिकेतील मोटारी दुकानातील मोटारींसारख्या राहिलेल्या नाहीत. त्या खास शर्यतीसाठी, ठरावीक सामायिक भागांपासून बांधल्या जातात. फ्रान्स यांच्या मूळ कल्पनेतील मूळ स्वरूपाची मोटार मागे पडली. शर्यतीनंतर विजेत्याच्या मोटारीची तपासणी आणि दोष आढळल्यास विजय काढून घेण्याचा अधिकार या गोष्टी मात्र कायम आहेत. विस्कळीत खेळाला एका नियमाखाली आणणे हे फ्रान्स यांचे मुख्य कार्य होय. तो नियम करणारा, राबवणारा आणि त्याचा नफा घेणारा एकच असावा का, या प्रश्नावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.