बाटली नंबर ५३-एन

प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे, हे जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांतून अजूनही ऐकायला मिळतं. त्या प्लेगवर लस शोधणारा माणूस म्हणजे वॉल्डेमार हाफकिन. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात पाश्चर होते, हाफकिन नव्हते!

जन्म १८६०, ओडेसा, ज्यू कुटुंब. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत नोकरी मिळाली ती ग्रंथालयात. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने त्यांना तिकडे पाठवलं.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम सुरू केलं. जंतू वाढवायला बोकडाच्या मटणाचं सूप (गोमांस इथे चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं) आणि त्यावर तरंगते तुपाचे थेंब! त्या थेंबांपासून जंतू धाग्यांसारखे खाली लोंबत वाढायचे. प्लेगचा जंतू ओळखायची तीच टेस्ट. आमच्या मेसमध्ये तूप दिसत नाही, तो विषय वेगळा. मग तापवून जंतू मारायचे की लस तयार. १० जानेवारी १८९७ ला पहिलं इंजेक्शन पुन्हा स्वतःलाच.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली, नंबर ५३-एन. चौकशी समितीने ठपका ठेवला परळच्या प्रयोगशाळेवर: कार्बोलिक ॲसिड न घालता नुसतं तापवून लस केली, म्हणून म्हणे. हाफकिन यांचं पद गेलं.

खरं तर पुरावा समोरच होता. बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू परळपासूनच आत असते, तर बाटलीला घाण वास सुटला असता. उघडताना तसा वास कुणाला आलाच नाही! एवढं साधं लॉजिक पटायला पाच वर्षं लागावीत, याचा मला राग येतो. शेवटी १९०७ मध्ये मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रं लिहिली, तेव्हा कुठे सरकार हललं.

हाफकिन परत आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये लोझानला ते वारले.