विश्वाची मांडणी : अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट

आमच्या घरात भिंतीला लागून एक लाकडी मांडणी आहे. आई रोज चिंचेने पितळी भांडी घासून तिच्यावर ओळीने लावते. भांडी थोडीच, पण लावून झाली की घर नटल्यासारखे दिसते. ग्रंथालयात ‘कॉसमॉस’ या शब्दाचा अर्थ वाचताना मला प्रथम आठवली ती हीच मांडणी. प्राचीन ग्रीक भाषेत ‘कॉसमॉस’ म्हणजे नीट लावलेली व्यवस्था, आणि अलंकारसुद्धा! होमरच्या काव्यात हेरा देवीच्या साजशृंगाराला हाच शब्द आहे. सैन्याची रचना करणे हे क्रियापदही त्याच मुळाचे. पुढे पायथागोरसने अवघ्या विश्वाला हे नाव दिले, असे परंपरा सांगते. ‘कॉस्मेटिक’ आणि रशियन अंतराळवीराचे ‘कॉस्मोनॉट’ ही एकाच घरची लेकरे आहेत हे कळल्यावर मोठी मौज वाटली.

हा शब्द ग्रंथाच्या मुखपृष्ठावर घालून युरोपभर पोहोचविला तो हम्बोल्ट यांनी. त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे सधन कुटुंबात झाला. नवव्या वर्षी वडील वारले. मुलांनी सरकारी अधिकारी व्हावे ही आईची इच्छा. त्याप्रमाणे अलेक्झांडर खाण-अधिकारी झाले. पण खाणीत उतरणाऱ्या मजुरांचे अज्ञान त्यांना बघवेना. १७९३ साली त्यांनी स्वतःच्या पैशाने मजुरांसाठी शाळा काढली. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस!

१७९६ मध्ये आई निवर्तली. वाट्याला आलेली संपत्ती त्यांनी प्रवासात आणि ग्रंथांत खर्च केली. १७९९ ते १८०४ ही पाच वर्षे ते वनस्पतिशास्त्रज्ञ बोंप्लां यांच्यासह दक्षिण व मध्य अमेरिकेत हिंडले. १८०२ साली चिंबोराझो पर्वतावर ५,८०० मीटरांच्याही वर गेल्याची नोंद त्यांनी केली. पायथ्यापासून वर जाताना झाडे-झुडपे उंचीप्रमाणे कशी बदलत जातात, हे त्यांनी एकाच चित्रात मांडून दाखविले. हवा, उष्णता, खडक, वनस्पती यांपैकी कोणतीच गोष्ट त्यांना सुटी दिसत नसे.

त्यांना हिमालय पाहायचा होता. त्यासाठी लंडनला खेटे घातले. पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. वसाहतींतील जुलमाविषयी त्यांनी निर्भीडपणे लिहिले होते, तेच कंपनीला नडले असावे असे मानतात. ती हौस १८२९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, सायबेरियात जाऊन काही अंशी भागवावी लागली. मोठे बंधू विल्हेल्म मात्र घरबसल्या हिंदुस्थानात पोहोचले होते. त्यांनी संस्कृत शिकून भगवद्गीतेवर विवेचन केले.

‘कॉसमॉस’चे मूळ १८२७-२८ मधील बर्लिनच्या व्याख्यानांत आहे. ज्या काळी स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते, त्या काळी त्यांच्या संगीत सभागृहातील विनामूल्य व्याख्यानांना स्त्रियाही गर्दी करीत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून असेल, पण हा मजकूर मी दोनदा वाचला.

ग्रंथाचा पहिला खंड १८४५ साली निघाला. नाव जरा भपकेबाज वाटेल हे त्यांना ठाऊक होते, पण आकाश आणि पृथ्वी दोन्ही पोटात घेणारा दुसरा शब्द त्यांना सापडेना. दूरच्या तेजोमेघांपासून सुरुवात करून ते पृथ्वीवर, झाडापानांपर्यंत आणि शेवटी माणसापर्यंत येतात. तेथे ते ठासून सांगतात, की जन्माने कोणताही मानववंश हलका नाही, स्वातंत्र्याचा हक्क सर्वांना सारखाच आहे. जेथे सगळे एकमेकांना धरून उभे आहे, त्या मांडणीत वरची आणि खालची माणसे कोठून येणार?

पुढले तीन खंड १८५८ पर्यंत निघाले. डोक्याने ते शेवटपर्यंत तल्लख होते, शरीर मात्र थकत चालले. पाचव्या खंडाचे काम सुरू असतानाच ६ मे १८५९ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. तो खंड १८६२ साली तसाच अपुरा छापण्यात आला.