पंडिता रमाबाई आणि सोपं मराठी बायबल

सात रस्त्यावरून स्टेशन गाठून पुण्याची गाडी धरली, की दौंड सोडल्यावर केडगाव येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. जन्म १८५८. आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकवलं, कलकत्त्याच्या पंडितांनी पुढे 'सरस्वती' पदवी दिली. आईवडील दुष्काळात गेले, पतीही लवकर वारले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ चं शारदा सदन तर आपण मुलांना शिकवतोच.

शिकवायचं राहून जातं ते पुढचं काम. मराठी बायबल तेव्हाही होतं, पण भाषा संस्कृतप्रचुर. आश्रमातल्या खेड्यापाड्यांच्या, दुष्काळातून आलेल्या बायकांना ती जड जाई. मग पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक ग्रंथ समोर घेऊन बसल्या. नवा करार मूळ ग्रीक, जुना करार मुख्यतः हिब्रू. एकेका शब्दाचा अर्थ शोधून तो रोजच्या बोलीत मांडायचा. संस्कृतच्या पंडितेनं संस्कृत शब्द बाजूला ठेवायचे, हे काय सोपं होतं? छपाईचं कामही आश्रमातल्या बायकांनीच केलं.

१९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ मध्ये.