बर्फातला एप्रिल आणि थिओडोर रूझवेल्ट

आपल्याकडे एप्रिल म्हणजे परीक्षा, घाम आणि पहिला आंबा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मात्र एप्रिलमध्ये वसंत फक्त कॅलेंडरवर आलेला असतो, जमिनीवर अजून बर्फच असतो. १९०३ साली अशाच बर्फात एक माणूस प्राणी बघायला गेला. तो साधासुधा पर्यटक नव्हता, देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. आपण लहानपणी कुशीत घेऊन झोपलेला टेडी बेअर ज्यांच्या नावावरून आला, तेच हे थिओडोर रूझवेल्ट.

त्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. पोरगा दम्याने बेजार असायचा, पण प्राण्यांचं वेड भारी. बाजारात एक मेलेला सील दिसला, तर त्याची कवटी मिळवून पठ्ठ्याने घरातच संग्रहालय सुरू केलं. पक्षी मारायचे आणि पेंढा भरून ठेवायचे, हीच तेव्हा निसर्ग शिकायची रीत होती. त्यामुळे प्रेम आणि बंदूक त्यांच्या आयुष्यात एकदमच आली.

१४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात, एकाच दिवशी त्यांची आई आणि पत्नी दोघीही वारल्या. मुलगी अवघी दोन दिवसांची होती. तिला बहिणीकडे सोपवून ते डाकोटाच्या ओसाड माळावर गुरं पाळायला निघून गेले. तिथे त्यांनी भरपूर शिकार केली, आणि एकेकाळी लाखोंनी असलेले गवे कसे संपत आलेत तेही डोळ्यांनी पाहिलं. १८८७ मध्ये त्यांनी शिकारी मित्रांची एक संघटना काढली. गंमत म्हणजे, यलोस्टोनमधल्या प्राण्यांना कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून याच शिकाऱ्यांनी जोर लावला, आणि १८९४ मध्ये तसा कायदा झालाही.

१९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष रूझवेल्ट वयाच्या ४२व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. दोन वर्षांनी ते यलोस्टोनला आले. सोबत होते निसर्गलेखक जॉन बरोज, वय ६६, पांढरीशुभ्र दाढी. पत्रकार आणि अंगरक्षकांना बाहेरच थांबवलं होतं. खरं तर रूझवेल्टना तिथे कूगर, म्हणजे अमेरिकेतला डोंगरी सिंह, मारायचा होता. पण उद्यानात राष्ट्राध्यक्षच बंदूक चालवतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? म्हणून त्यांनी बेत सोडला. त्यांचं मन बदललं होतं असं नाही. पण बंदूक बाजूला राहिली आणि नुसतं बघायची वेळ आली.

आणि त्यांनी काय बघितलं म्हणता! एल्क नावाच्या मोठ्या हरणांचे हजारोंचे कळप. एके दिवशी ते डबा घेऊन एकटेच निघाले. एल्कच्या कळपाजवळ गुपचूप बसून राहिले आणि अठरा मैल पायपीट करून संध्याकाळी परतले. एका सकाळी दाढी करत असताना कोणीतरी ओरडलं की समोरच्या कड्यावरून जंगली मेंढ्या पाण्यासाठी उतरतायत. झालं! अर्ध्या गालावर साबण, गळ्यात टॉवेल, अशा अवतारात राष्ट्राध्यक्ष धावले. मेंढ्या खाली पोहोचेपर्यंत दाढी तशीच राहिली. एकदा तर बर्फगाडीतून उडी मारून त्यांनी टोपीने उंदीर पकडला, नवी जात असेल म्हणून कातडं वॉशिंग्टनला पाठवलं. जात जुनीच निघाली. स्कीवरून तर बरोज आणि रूझवेल्ट दोघेही बर्फात आपटले.

२४ एप्रिलला परतताना त्यांनी उद्यानाच्या वेशीवरच्या कमानीचा पाया घातला. ती कमान आजही उभी आहे. १९०९ मध्ये पद सोडेपर्यंत त्यांनी ५ राष्ट्रीय उद्यानं, ५१ पक्षी अभयारण्यं आणि जंगलं मिळून सुमारे २३ कोटी एकर जमीन राखून ठेवली. १९०८ मध्ये त्यांनी यलोस्टोनच्या अधिकाऱ्यांना लिहून कळवलं की आता कूगर मारू नका, एल्क फार वाढलेत. ज्या प्राण्याची शिकार करायला गेले होते, त्याचीच बाजू घेतली.

इथेच थांबलं तर गोष्ट छान होते, नाही का? पण १९०९ मध्येच ते मुलाला घेऊन आफ्रिकेत गेले आणि दोघांनी मिळून ५१२ प्राणी मारले. त्यातले पुष्कळ संग्रहालयासाठी होते हे खरं, पण आकडा वाचताना घशाशी काहीतरी अडकतंच.

६ जानेवारी १९१९ रोजी झोपेतच त्यांचं निधन झालं. ज्या घरात ते गेले, त्याच्या भिंतींवर शिंगं आणि मुंडकी टांगलेली होती. या भिंतींकडे बघून त्यांना शिकारी म्हणावं, की अर्धवट दाढीतला तो धावणारा माणूस खरा मानावा? मला विचाराल तर दोन्ही खरे. फक्त त्या एप्रिलमध्ये दोन आठवडे बंदूक बाजूला होती, आणि मला वाटतं, त्यांना सगळ्यात जास्त दिसलं ते तेव्हाच.