विश्लेषण : फीडबॅक फॉर्ममधले पाच पर्याय आले कुठून?

सत्र संपत आले की कॉलेजचा फीडबॅक फॉर्म मोबाइलवर येतो. शिक्षक तयारी करून येतात का, अभ्यासक्रम पूर्ण झाला का, असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ असे पाच पर्याय. या मोजपट्टीचे जनक म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट.

कोण होते लिकर्ट?

त्यांचा जन्म १९०३ मध्ये वायोमिंग राज्यातील शायेन येथे झाला. मिशिगन विद्यापीठात त्यांनी आधी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, मग ते समाजशास्त्राकडे वळले. १९३२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएचडी दिली.

त्यांनी नवे काय केले?

लुई थर्स्टन यांच्या तेव्हाच्या पद्धतीत प्रत्येक विधानाचे वजन ठरवायला परीक्षकांचा मोठा गट लागे. लिकर्ट यांनी हा टप्पाच वगळला. उत्तर देणाऱ्याने आपली सहमती पाच पायऱ्यांवर नोंदवायची, त्याला १ ते ५ गुण द्यायचे आणि अनेक विधानांच्या गुणांची बेरीज करायची. एकाच उत्तरावर निष्कर्ष काढायचा नाही, हे यात महत्त्वाचे. या पद्धतीची पहिली चाचणीही विद्यापीठातील विद्यार्थ्यांवरच झाली.

फक्त खुणा पुरेशा आहेत का?

स्वतः लिकर्ट यांना तसे वाटत नव्हते. १९३९ पासून अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करताना त्यांनी शेतकऱ्यांची मते जाणून घेण्यासाठी मोकळ्या प्रश्नांच्या मुलाखतींवर भर दिला. १९४६ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात परतले. तेथे उभ्या राहिलेल्या समाजसंशोधन संस्थेचे ते १९७० पर्यंत संचालक होते. या संस्थेच्या संशोधकांनी डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीत कर्मचाऱ्यांची मते गोळा केली. ते निष्कर्ष फाइलमध्ये न ठेवता त्याच विभागांत नेऊन त्यांवर चर्चा घडवली. १९८१ मध्ये लिकर्ट यांचे निधन झाले.

आज याचा अर्थ काय?

‘नॅक’च्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातही प्रश्नांना ४ ते ० असे पाच पर्याय असतात, शेवटी सूचना लिहायला जागा असते. सरासरी किती, हे आकड्यांतून कळते; कुठे बिघडले, हे त्या मोकळ्या जागेतून. पण निकाल वर्गात परत आला नाही, त्यावर शिक्षक-विद्यार्थी बोलले नाहीत, तर लिकर्ट यांच्या कामाचा अर्धाच भाग आपण उचलला, असे म्हणावे लागेल.